पणजीतला रविवार

टंचाई शाखेत नोकरी केलेल्या माणसाला किस्से विचारू नयेत. एक निघाला की मागून दुसरा येतोच, आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. आमच्या पणजीच्या एका रविवारचेच एवढे झालेत की कुठून सुरू करावं कळत नाही.

लातूर जिल्हा नवा होता. ऑफिसला खुर्च्या यायच्या आधी दुष्काळ आला. गावोगाव टँकर पाठवायचं काम आमच्याकडं. अशात भर उन्हाळ्यात ऑर्डर निघाली : पाणीपुरवठ्याचं ट्रेनिंग, पणजीला! मी, आमचे हेडक्लार्क बिराजदार अण्णा आणि जीपचे ड्रायव्हर कादरभाई असे तिघं एसटीनं गेलो. अण्णा उदगीरचे, गळ्यात लिंग, बोलणं कमी. कादरभाई देगलूरचे, त्यांचं तोंड बंद नसायचं. ट्रेनिंग शनिवारी संपलं, रविवार मोकळा मिळाला, म्हणून शहर बघायला निघालो.

*

सकाळी मांडवीच्या काठावर गेलो. एवढं पाणी कादरभाईंनी जन्मात बघितलं नव्हतं. ते खाली उतरले, ओंजळ भरून घोट घेतला आणि लगेच थुंकले.

"खारं हाय साहेब."

"समुद्र जवळ आहे ना."

कादरभाईंनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "म्हंजे हितंबी टँकरच लागतो."

*

मग जुन्या गोव्यातलं चर्च. आत गारवा, सोन्याचा मुलामा, उंच छत. गाइड सांगत होता, "पोर्तुगीजांच्या काळात इथं केवढं तरी मोठं शहर होतं. मग साथी आल्या. विहिरींचं पाणी खराब झालं, माणसं पटापट मेली. उरलेली पणजीला गेली."

कादरभाई हळूच म्हणाले, "पण पाणी होतं म्हणा की."

बाहेर आल्यावर अण्णा त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलले. "आपलं ऑफिसबी लोक असंच बघायला येतील. गाइड सांगील, हितं जिल्हा होता."

आम्ही हसलो. अण्णा हसले नाहीत.

*

दुपारी पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज वस्तीत फिरलो. निळी-पिवळी घरं, लाकडी सज्जे, खिडक्यांत कुंड्या. ऊन लागलं म्हणून एका घराच्या पायरीवर टेकलो, तर आतून एक म्हाताऱ्या बाई आल्या. फ्रॉक घातलेला, केस पांढरेशुभ्र. न मागता तिघांना कोकमचं सरबत दिलं आणि अण्णांजवळ बसल्या.

"घरा कोण आसा, पुता?"

"बायको हाय, दोन लेकरं हायत," अण्णा म्हणाले. "एक बहीण हाय. महादेवी. उदगीरजवळच दिलीय. बरी हाय."

कादरभाईंनी खाली बघितलं. मीही.

महादेवी त्याच उन्हाळ्यात गेली होती. विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरताना वरची दरड कोसळली. त्या गावाला टँकर आमच्याच शाखेतून जायचा. त्या दिवशी तो रस्त्यात बंद पडला होता, आणि दुसरा अण्णांनी आधीच दुसऱ्या गावाला लावून दिला होता.

बाई म्हणाल्या, "भयणीक घेवन यो फुडल्या खेपेक."

"व्हय," अण्णा म्हणाले. "आणतो."

*

संध्याकाळच्या एसटीनं परत निघायचं होतं. लॉजवर आल्यावर अण्णा आंघोळीला गेले. आत नळाची धार चालू होती, बादली भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. आमचं सामान बांधून झालं, तरी धार चालूच. गाडी चुकेल म्हणून कादरभाईंनी दार वाजवलं. मग मी जोरात वाजवलं.

अण्णांनी कडी काढली. अंगावर सकाळचेच कपडे. डोकं कोरडं, टॉवेल घडी केलेलाच. मागं बादलीवरून पाणी फरशीवर येत होतं आणि मोरीत जात होतं.

"अण्णा, आंघोळ?"

"न्हाई."

"मग काय करत होता एवढा वेळ?"

अण्णा वळून नळाकडं बघत म्हणाले, "पाणी थांबायची वाट बघायलो."