गप्प बसून लिहिणारी मावशी

माझी मावशी गप्प बसून कमावते. हे आमच्या घरात कुणालाही सांगा, हसून लोळतील, कारण तिला सगळे रेडिओ म्हणतात. दाताच्या दवाखान्यात ती आठ वर्षं रिसेप्शनला होती. डॉक्टर म्हणायचे, पेशंटला भूल द्यायची गरजच नाही, बाहेर हिच्याशी दहा मिनिटं बोलला की अर्धा बधिर होऊनच आत येतो.

तर तिथं दात काढल्यावर पेशंटला एक छापील कागद मिळायचा. भाषा अशी की वाचून दुसरा दात दुखावा. लोक तो खिशात कोंबायचे आणि घरून फोन करायचे, चूळ भरू का, गरम चहा चालेल का. फोन उचलणार मावशीच. एक दिवस वैतागून तिने तो कागद स्वतः लिहिला. "कापूस अर्धा तास दाबून धरा. आज चूळ नाही. तिथे जीभ लावून बघायचा मोह होईल, तो आवरा." फोन जवळजवळ थांबले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही लिहिता छान. बस्स, एवढंच. पुढच्या महिन्यात मावशीने नोकरी सोडली.

आई म्हणाली, "अगं, कौतुक केलं म्हणून कुणी राजीनामा देतं का?"

"कौतुक नाही ताई, निदान केलं त्यांनी."

मला तर हे भयंकर आवडलं. मीही हेच केलं असतं.

पुढचे सहा महिने मात्र मावशीच्या नाकी नऊ आले. मिळेल ते लिहायची. गादीच्या दुकानासाठी तिने झोपेवर इतकं सुंदर लिहिलं की गादीची लांबी-रुंदी राहूनच गेली. मग एका फर्निचरच्या कारखान्याचं काम आलं. त्यांची कपाटं सुटी विकली जातात, घरी नेऊन आपणच जोडायची, त्यासोबतचा कागद हवा होता. मावशीने दोन पानं लिहिली, पुस्तकांचा सहवास, भिंतीला लाभलेला शेजार वगैरे. मालकांचा फोन आला.

"बाई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण कपाट उभं कसं करायचं?"

दोन दिवस ती तोंड पाडून बसली. तिसऱ्या दिवशी जाऊन तेच कपाट विकत घेऊन आली. आमच्या हॉलमध्ये पसरलं, जोडलं, सोडवलं, पुन्हा जोडलं. अकरा वेळा. मग नव्याने कागद लिहिला आणि माझ्या बाबांना पकडलं, कारण बाबांनी आयुष्यात कुठल्याही वस्तूचा कागद वाचलेला नाही.

"भाऊजी, हे वाचा आणि जोडा. मी एक शब्द बोलणार नाही."

"तू?"

"मी काही प्रत्येक खोक्यात बसून लोकांच्या घरी जाणार नाहीये. कागदालाच बोलता आलं पाहिजे."

पहिल्या दिवशी ती चार मिनिटं टिकली. दुसऱ्या दिवशी दातात पेन्सिल धरून बसली. बाबा जिथे अडायचे तिथे ती वहीत ठिपका द्यायची आणि संध्याकाळी तेवढंच वाक्य पुन्हा लिहायची. "सदर ठोकळा योग्य जागी बसवावा"चं झालं "छोटा ठोकळा डावीकडच्या भोकात दाबा". तेवीस ठिपक्यांचे चार झाले, मग शून्य. मी रोज कॉलेजमधून आल्यावर आधी ठिपके मोजायचे.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन. नवीन मुलगी सोडून चालली होती. खुर्ची तुमचीच आहे, पण एक तारखेच्या आत सांगा. आईने तिथल्या तिथे वचन घेतलं, तोपर्यंत एक तरी पक्कं काम मिळव, नाहीतर गुपचूप खुर्चीत जाऊन बस. मावशी हो म्हणाली, पण तिचा चेहरा मला बघवला नाही.

एकोणतीस तारखेला मालकांनी कारखान्यात बोलावलं. म्हणाले, आमच्यासमोर कुणीतरी तुमच्या कागदावरून कपाट जोडू दे, जमलं तर पुढचे कागद तुम्हीच लिहा. मी लेक्चर बुडवून सोबत गेले. भुशाचा वास, भिंतीला टेकवलेल्या फळ्या. जोडायला बसल्या पॅकिंगच्या काकू, ज्या दिवसभर पाकिटांत स्क्रू भरतात पण ज्यांनी कपाट कधी जोडलेलं नाही.

काकू बोट ठेवून वाचत होत्या आणि भराभर जोडत होत्या. नववी पायरी, वरची फळी चार स्क्रूंनी घट्ट पिळा. पिळली. दहावी पायरी, मागची पातळ फळी वरून खाचेत सरकवा. काकू थांबल्या. वर तर आता फळी बसलेली. सरकवणार कुठून?

त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी गप्प.

"सांगा की बाई," मालक म्हणाले.

मावशीचे कान लाल झाले होते, पण तिने फक्त वहीत ठिपका दिला. माझ्या तर जिभेवर आलं होतं, स्क्रू सोडवा ना काकू. मी तोंडावर हात दाबून धरला.

"माझंच काहीतरी चुकलं," काकू हळूच म्हणाल्या.

तेव्हा मावशी बोलली. "तुमचं काही चुकलेलं नाही. दहावी पायरी नववीच्या आधी हवी होती, ते माझं चुकलं. मी कायम एकाच माणसाकडून जोडून घेतलं. तो इतका तरबेज झालाय की कागदाकडे बघतच नाही. तो अडेनासा झाला म्हणून मला वाटलं कागद बरोबर आहे."

"मग नापास म्हणायचं का?" मालकांनी विचारलं.

"हो. आता दहा मिनिटं द्या, आणि दुसरं कुणीतरी द्या."

खोक्यावर कागद ठेवून तिने शेवटचं अर्धं पान नव्याने लिहिलं. दुसरे म्हणून आले टेम्पोचे ड्रायव्हर. त्यांनी पंचवीस मिनिटांत कपाट उभं केलं, मान वर न करता. मावशी श्वाससुद्धा बेतानेच घेत होती.

मालक कपाट हलवून बघत म्हणाले, "आधीचे लिहिणारे म्हणायचे, लोकांना वाचता येत नाही. आपलं चुकलं असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मग सहा वस्तूंचं काम दिलं. तीन महिने बघू, म्हणाले.

तीन महिने म्हणजे काही पक्कं नाही. मी तसं म्हणालेही. पण मावशीने फाटकाबाहेर येऊन आधी दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, खुर्ची देऊन टाका कुणाला तरी." नंतर आईला.

"तीन महिन्यांनी काय करशील?" आईचा आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.

"तोवर सहा कागद लिहिलेले असतील, ताई. दवाखान्यात आठ वर्षांत एकच लिहिला."

आई दोन दिवस भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून हॉलमधली टीपॉय हलवून जागा करून दिली.

आता मावशीचा नियम आहे, एक माणूस एकदाच. बाबा बाद, मी बाद. शेजारच्या काकू तिला बघून दार लोटून घेतात. काल मी घरी आले तर वीजमीटर वाचायला आलेला माणूस आमच्या हॉलमध्ये मांडी घालून चपलांचं स्टँड जोडत होता. पाचव्या पायरीला तो अडला, आशेने मावशीकडे बघायला लागला.

"अगं सांग ना त्याला, त्याला अजून चार मजले आहेत," आई आतून म्हणाली.

मावशीने नाही अशी मान हलवली आणि ठिपका दिला.