तेरा नंबरची वाट

नेमेसियोचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. होल्गीन शहरातल्या त्या बागेत घरी नेट नसलेले लोक इंटरनेट धरायला जमायचे. त्याआधी ती झाडून व्हायला हवी. साखर कारखान्यात त्याने तीस वर्षं पोती उचलली होती. कारखाना बंद पडला, हातात झाडू आला. अर्धवट झाडलेला कोपरा त्याला खपत नसे.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बायको एदेल्मिरा कंबरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं खाली उतरली नव्हती. मुलगी यानेलिस चिलीत. नेमेसियो तिचा जुना लॅपटॉप बागेत नेऊन तिच्याशी बोलायचा. ती म्हणायची, "आई दाखवा ना." आणि आईला पोरीचा हलता चेहरा बघायचा होता. तिच्या डोळ्यांत पडदा चढत होता. दिसायचे फार दिवस उरले नव्हते.

"दोन हमाल लावून खाली नेतो," तो म्हणाला.

"कपाट आहे का मी? सगळी गल्ली बघत बसेल."

म्हणून चौदा महिने साठवून त्याने मायामीहून माल आणणाऱ्या बाईकडून लांब अँटेनाचं वायफाय ॲडॅप्टर घेतलं. समोरच्या गच्चीवरून अर्सेनियो तीस घरांना नेट पुरवायचा. तेवढं पकडलं की झालं.

ॲडॅप्टर लॅपटॉपला जोडलं. यादीत आसपासच्या नेटवर्कांची अकरा-बारा नावं आली. अर्सेनियोचं नाही. नेमेसियोने ॲडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकलं. वीज वाचवण्याची खूण काढली. अँटेना खिडकीबाहेर बांधली, बोटभर सरकवून पाहिली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अर्सेनियो वर आला.

"काका, मी तेरा नंबरच्या चॅनलवर आहे. बाकी सगळ्यांवर गर्दी. तुमचं हे अमेरिकेसाठी बनवलंय, अकराच्या पुढे ऐकतच नाही."

"मग त्यातला देश बदल," नेमेसियो म्हणाला.

अर्सेनियोने सेटिंग उघडलं. देशाची चौकट करडी होती. दाबली, हलली नाही.

"बघा! गावातले सगळे देश बदलायला निघालेत, आणि हे एवढंसं यंत्र हटून बसलंय."

"तू अकरावर ये."

"प्रत्येक घरचं यंत्र बदलायला तीस छतं चढावी लागतील, काका."

"मी चढतो."

"चढाल हो. पण अकरावर कोणालाच धड मिळणार नाही. मला शिव्या खायला लावता?"

नेमेसियोने अँटेना खिडकीतून आत घेतली. ते खरं होतं.

पलंगावरून एदेल्मिरा म्हणाली, "म्हाताऱ्या, बोलाव तुझे हमाल."

माल आणणाऱ्या त्या बाईने ॲडॅप्टर अर्ध्या किमतीला परत घेतलं. हमाल खुर्चीला दोर बांधून आले. पायऱ्यांवर नेमेसियो त्यांच्यावर ओरडत होता, "आधी पाय रोवा! उजवीकडे कलतंय!" गल्ली खरंच बघत होती. एदेल्मिराने डोळे मिटून घेतले.

बागेत यानेलिसचा चेहरा आला. "आई!" म्हणाली, आणि चित्र थिजलं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले.

"बंद करून परत लावतो," नेमेसियो म्हणाला.

"राहू दे." एदेल्मिरा पडद्याला नाक लावून बसली. "वाळली आहे रे. केस कोणत्या रंगाचे आहेत?"

"काळेच."

"मला करडे दिसतात."

बॅटरी संपेपर्यंत चित्र हललं नाही. मग हमालांनी तिला वर नेलं. चौदा महिन्यांच्या झाडण्यातून जे उरलं होतं, ते या जाण्यायेण्यात आणि बागेतल्या नेटच्या एका तासाच्या कार्डात गेलं.