पाणी तिसऱ्या पायरीला लागलं की

ठाण्याहून कोल्हापूरला निघालो तेव्हा माझ्याकडे दोन बॅटऱ्या, बारा बिस्किटपुडे, पाण्याच्या सहा बाटल्या आणि सोसायटीच्या आपत्कालीन समितीचं सचिवपद एवढं सामान होतं. त्यातलं सचिवपद सगळ्यांत जड. आदल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीभोवती छातीभर पाणी साचलं होतं आणि दुसऱ्या मजल्यावरचं आमचं चौकोनी कुटुंब दोन दिवस बिस्किटं खाऊन बसलं होतं. घरात पीठ होतं, पण गॅस संपलेला. पाणी ओसरल्यावर सोसायटीच्या सभेत मी उभं राहून विचारलं, "पुन्हा असं झालं तर काय करायचं?" आमच्याकडे जो विचारतो त्याच्याच गळ्यात काम पडतं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं.

माझ्या ऑफिसातला शिंदे मूळचा कोल्हापूरकडचा. तो म्हणाला, "माझ्या बहिणीचं गाव पंचगंगेच्या काठावर आहे. त्यांच्याकडे दोन-तीन वर्षांआड पाणी येतंच. जाऊन बघ. पण पावसाळ्यात जा, उन्हाळ्यात विचारलंस तर ती हसेल." म्हणून जुलैच्या शेवटी आठवड्याची रजा टाकून मी निघालो. बायकोने विचारलं, "पूर शिकायला एवढ्या लांब जायचं?"

कोल्हापुरात सकाळी उतरलो. पाऊस आदल्या आठवड्यापासून थांबायचं नाव घेत नव्हता. मिसळ खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि शिवाजी पेठेत एका किरकोळ सामानाच्या दुकानापुढे उभा राहिलो. दुकानदार कंदिलाच्या काचा पुसून ओळीने मांडत होता. मी माझी छापील यादी काढली आणि आपत्कालीन साहित्य आहे का विचारलं.

"म्हंजे काय असतंय?" तो म्हणाला.

"म्हणजे पूरबीर आला तर लागतं ते."

"मग असं सरळ इचारा की, पावणं!" त्याने सुतळीचा गुंडा, कंदील आणि काडेपेट्यांचा पुडा पुढे सरकवला. "आन् काडेपेटी तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठिवा. वर ठिवली तर सादळंल. तांदूळ वल धरतोय, काडी कोरडी ऱ्हाती."

माझ्या यादीत काडेपेटीच नव्हती. ती मी तिथेच उभ्या उभ्या लिहून घेतली.

पुढचा प्रवास वडापने (माणसं कोंबून नेणारी जीप) झाला. दोन्ही बाजूंना ऊस, उसात पाणी, आणि रस्त्यावर चिखल. शेजारच्या आजोबांनी माझ्या पाण्याच्या बाटल्या पाहून विचारलं, "आजारी हायसा काय?" गावाच्या मधोमध एक ओढा लागला. त्यावर पूल नाही, फरशी; म्हणजे ओढ्याच्या पात्रातूनच काढलेला सिमेंटचा बुटका रस्ता. ओढ्याच्या अलीकडे उंचावर वरची आळी आणि पलीकडे नदीला लागून नदीआळी. शिंदेची बहीण नदीआळीत राहते. गावात सगळे तिला आक्काताई म्हणतात.

आक्काताई पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की तीन घरं ऐकतील. त्यांचे यजमान तात्या कमी बोलणारे. मी आत जाऊन टेकतो न टेकतो तोच ताटात भाकरी, आमटी आणि कांदालसणीची चटणी आली.

"आमच्या भावानं चिठ्ठी लिवलीया," आक्काताई म्हणाल्या. "तुमाला पूर शिकवायचा म्हनं. पूर काय शिकवायचा? येतोय, जातोय."

जेवण झाल्यावर मी घर पाहू लागलो. वर्षभराचं धान्य, हारीने लावलेली पोती, असं काहीतरी मला दिसेल असं वाटलं होतं. पण स्वयंपाकघरात एका पत्र्याच्या डब्यात जेमतेम चार दिवसांचा जोंधळा होता. मी जरा नाराजीनेच विचारलं, "साठा एवढाच?"

"एवढाच. बाकीचा मल्लाप्पाच्या घरात, वरल्या आळीला."

मग उलगडा होत गेला. नदीआळीतल्या प्रत्येक घराचं वरच्या आळीत एक जोडीचं घर असतं. नातं नाही, जात एक असेल असंही नाही. आक्काताईंच्या घराची जोडी मल्लाप्पाच्या लिंगायत कुटुंबाशी, आणि ती सासऱ्यांच्याही आधीपासूनची. उन्हाळ्यात वरच्या आळीच्या विहिरी आटल्या की मल्लाप्पाची जनावरं इथे पाण्याला आणि हिरव्या चाऱ्याला येतात. ज्येष्ठ लागला की इथलं वर जातं. आधी बियाणं, मग शेणी (जळणाच्या गोवऱ्या), मग खायचं धान्य आणि कडधान्य. पाणी चढू लागलं की जनावरं, आणि शेवटी माणसं.

"बियाणं आधी का?" मी विचारलं.

"खायचं धान्य गेलं तर मागून आनता येतंय," तात्या म्हणाले. "आपल्या रानाचं बी कोन देनार?"

दिवसभरात तात्या एवढंच काय ते बोलले असते, पण त्या दिवशी त्यांना आणखी एक गोष्ट बोलायची होती. गोठ्यात काशी होती. काशी म्हणजे त्यांची म्हैस, काळी कुळकुळीत आणि पोट खाली आलेली, दिवस भरलेली. तात्यांचं म्हणणं, तिला आजच वर न्यावी. आक्काताईंनी साफ नकार दिला.

"तिसऱ्या पायरीला पानी लागूंदे. मग न्यायची."

नदीआळीचं मारुतीचं देऊळ नदीकडे तोंड करून आहे. त्याच्या पायऱ्या हाच गावाचा पुराचा हिशेब. खालून तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की ओढ्यावरची फरशी बुडायला अजून अर्धा दिवस असतो. तेवढ्यात जनावरं बाहेर काढायची, हा पिढ्यांचा शिरस्ता. मी म्हटलं, पण आधी नेली तर काय बिघडतं? उत्तर तात्यांनी दिलं. मागच्या पुरात आक्काताईंनी घाबरून गाभण म्हैस दोन दिवस आधीच काढली होती. फरशीपलीकडच्या चढावर ती घसरून पोटावर पडली. रेडकू आतच मेलं, आणि पुढे पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलंच नाही.

"उगंच मारलं की मी त्याला," आक्काताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर देवळाकडे गेलो. निम्मी आळी तिथे जमली होती आणि सगळे पाण्याकडे पाहत होते. तांबडं पाणी देवळापुढच्या फरसबंद अंगणावर पसरून पहिल्या पायरीला चाटत होतं. "अजून दोन पायऱ्या हायत," कोणीतरी म्हणालं, आणि माणसं निर्धास्तपणे तंबाखू मळू लागली.

मी मुळात कारकून. दिसेल ते मोजायची खोड. वहीत लिहिलं : पायऱ्या सहा. खालच्या चार काळ्या दगडाच्या, झिजलेल्या; वरच्या दोन गुळगुळीत, तांबूस, नव्या. सहज विचारलं, "आक्काताई, वरच्या दोन बदलल्या का?"

"बदलल्या न्हाईत, नव्या घातल्या. गेल्या हिवाळ्यात देऊळ वर उचललं न्हवं का. समद्या आळीनं घमेली वाहिली."

"म्हणजे आधी चारच होत्या?"

"चार कशा? सहाच हुत्या. ल्हानपनापास्नं सहाच हायत."

"मग दोन वाढल्यावर आठ हव्यात."

आक्काताईंनी एकदा वरच्या पायरीकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे. मग लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून त्या सरळ पाण्यात उतरल्या आणि अंगणाच्या फरशीवर पाय आपटला.

"खाली हायत!" त्या ओरडल्या. "अंगनात मुरूम भरला तवा खालच्या दोन पायऱ्या गाडल्या आपुन! ही पैली न्हवं, ही तिसरी हाय! तिसरी लागली!"

एका म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, आणि सगळी आळी एकदम पळत सुटली. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भक्तीने, सगळ्यांनी मिळून आपली खूण पुरून टाकली होती. नंतर रोज त्याच पायऱ्या चढून दर्शन घेतलं आणि एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

आता काशीला न्यायची वेळ झाली होती, पण चढ तोच होता आणि पाऊसही तसाच. तात्यांनी उसाच्या पाचटाचे (वाळलेल्या पाल्याचे) भारे आणि रिकामी पोती माझ्या खांद्यावर टाकली आणि मला म्हणाले, "पावणं, तुमी म्होरं व्हा. तिचा पाय पडंल तितं पाचट पायजे."

ओढ्याच्या फरशीवर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. शेवाळावर मी रिकामी पोती अंथरली. त्यांवर दगड ठेवत, काशी पुढे सरकली की मागची पोती उचलून पुन्हा पुढे पळत, मी दोनदा सपशेल आडवा झालो. माझा चष्मा ओढ्याने नेला. तात्यांनी कासरा धरला होता आणि आक्काताई काशीच्या पोटाला हात लावून चालत होत्या. एरवी तीन घरं ऐकतील असा तो आवाज आता अगदी हळू होता. "चल गं बाई. बघून टाक. चल माजी बाई." चढावर काशी थांबली आणि तिचा मागचा पाय सरकला. आक्काताईंनी खांदाच तिच्या पोटाखाली दिला. मी उरलेलं सगळं पाचट तिथे ओतलं, दोन्ही हातांनी दाबलं, आणि देवाचं नाव घेतलं. मला देव फारसा आठवत नाही, त्या दिवशी आठवला. काशीने पाय रोवला आणि ती चढली.

वरच्या आळीत मल्लाप्पा दारातच उभा होता. "बर्री अक्का, बर्री (या)," एवढंच म्हणून त्याने गोठ्यातला स्वतःचा बैल सोडून बाहेर बांधला आणि ती जागा काशीला दिली. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. आमच्या मागून जनावरांची रांग लागली होती. शेवटचं जनावर अलीकडे आलं, आणि दुपार कलायच्या आत फरशी दिसेनाशी झाली.

पुढचे चार दिवस आम्ही सगळे मल्लाप्पाच्या घरात होतो. वीज नव्हती, म्हणजे गिरणी बंद. मल्लाप्पाची बायको गंगव्वा हिने कोपऱ्यातलं जातं पुढे ओढलं. तिने मला बजावलं, पीठ साठवू नये, त्याला किडे होतात. धान्य साठवावं आणि दळायची सवय ठेवावी. मग सवयीची सुरुवात माझ्यापासूनच केली. अर्ध्या तासात माझ्या तळहाताला फोड आले आणि पीठ झालं मूठभर.

"ह्येच्यात चिमनीचं बी ऊटा (जेवण) व्हायचं न्हाय," गंगव्वा म्हणाली, आणि घरभर हशा झाला.

माझी कीव येऊन त्यांनी जोंधळा नुसता भरडला आणि कण्या शिजवल्या. कण्या, ताक आणि चटणी. दुसऱ्या दिवशी वरण्याची (पावट्यासारख्या कडधान्याची) उसळ, तिसऱ्या दिवशी नाचणीची आंबील आणि तळलेले सांडगे. बाहेरून एकही वस्तू आली नाही आणि कोणी उपाशी राहिलं नाही. बिस्किटपुडे मी लाजत लाजत बाहेर काढले तेव्हा ते पोरांनी पाहुण्याचा खाऊ म्हणून वाटून खाल्ले.

चौथ्या दिवशी सकाळी काशी व्याली. आक्काताई पहाटेपासून तिच्या पायाशी बसल्या होत्या. रेडकू बाहेर आलं, आधी हललं नाही. आक्काताईंनी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, पाचटाने अंग खसाखसा चोळलं. मग त्याने कान हलवला. थोड्या वेळाने ते उठलं, पडलं, पुन्हा उठलं आणि आईच्या कासेकडे निघालं. आक्काताई तिथेच शेणात बसून मोठ्याने रडल्या. मलाही रडू आलं आणि मी चष्मा नसल्याचं कारण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चिकाचा खरवस खाऊन निघालो, फरशी मोकळी झाली होती. आक्काताई वडापपर्यंत आल्या. "तुमी नवं मानूस, म्हनून इचारलंसा," त्या म्हणाल्या. "आमी रोज बघतोय, म्हनून आमाला दिसलंच न्हाय."

ठाण्यात परतल्यावर समितीला द्यायचा अहवाल लिहायला बसलो. धान्य, काडेपेटी, कंदील, सगळं लिहून झालं. मग जोडीच्या घरांपाशी आलो आणि पेन अडलं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर तीन बिऱ्हाडं आहेत. त्यांची जोडी कोणाशी? अकरा वर्षं त्यांच्या दारावरून जा-ये करून मला एका घरातल्या बाईंचं नावही माहीत नव्हतं. लिहिणं ठेवून खाली गेलो आणि त्यांचं दार वाजवलं. बाई सत्तरीच्या, एकट्याच राहणाऱ्या. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, "गेल्या वर्षी पाणी घरात शिरलं तेव्हा तुम्ही कुठे गेला होता?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"कुठे जाणार? वरच होते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मजल्यावर, जिन्यात. दोन दिवस. तुमचं दार बंद होतं, म्हटलं कशाला त्रास द्या."