होडीच्या नावानं आलेलं इंजिन

भावानं गल्फातून पाठवलेलं इंजिन बंदरात येऊन पडलं, तेव्हा घरात सगळे खुशीत होते. एक मीच वैतागलेली. कारण कागद सगळे इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी उरणच्या एका वकिलाकडे टायपिंग करायचे. आमच्या मोऱ्याच्या कोळीवाड्यात कुणाला विजेच्या बिलाची नोटीस आली तरी ती आधी माझ्या हातात कोंबायचे. हे इंजिन तर घरचंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबांच्या होडीचं जुनं इंजिन मोसमाच्या शेवटच्या फेरीत बसलं ते बसलंच. भाऊ तिकडे एका टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होता. त्यानं तीन वर्षं राबून जपानी डिझेल इंजिन घेतलं आणि पेटीत बंद करून जहाजानं धाडलं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की परत पाण्यात. तोवर नवं इंजिन होडीत बसवून झालं तर ठीक. नाही झालं तर आमचे खलाशी दुसऱ्याच्या होडीवर जाणार आणि बाबा तळोज्याला. तिथल्या एका केमिकल कंपनीच्या गेटवर मामानं त्यांच्यासाठी वॉचमनची जागा धरून ठेवली होती.

"मना त्या गेटव बसवलंत त मी वरीस नाय कारनार," बाबा म्हणायचे. म्हणजे वर्षभरही जगणार नाही. ते उगाच म्हणायचं म्हणून नव्हतं. दोन दिवस जमिनीवर राहिले की हा माणूस सगळ्यांवर खेकसायला लागायचा, जेवायचा नाही, जेट्टीवर जाऊन उगाच दुसऱ्यांचे दोर सोडवत बसायचा.

आता नावाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला. आमच्याकडे होडीचं जे काही असेल ते होडीच्याच नावानं. बर्फाची चिठ्ठी होडीच्या नावानं, डिझेलची होडीच्या नावानं, लग्नाची पत्रिकासुद्धा होडीच्या नावानं यायची. आमच्या होडीला आईचं नाव होतं. भावानं तिकडे फॉर्म भरताना माल घेणाऱ्याच्या रकान्यात तेच घातलं, आणि पुढे बाबांचं नाव, आडनाव. होडीचं इंजिन, होडीच्या नावानं. त्याला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही वाटलं. आईला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

माल सोडवायला एक क्लिअरिंग एजंट धरला होता. मूळचा सातारकडचा, राहायचा सानपाड्याला. कस्टमच्या ऑफिसात शिरताना म्हणाला, "ताई, तुमी फकस्त हुबं ऱ्हावा. बोलायचं काम माझं."

मी उभी राहिले. साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "ही बाई कुठे आहे? सहीला का नाही आली?"

एजंटनं तोंड उघडलं, पण माझं तोंड आधीपासूनच फटकळ. "ती माझी आई. चार वर्षांपूर्वी वारली," मी म्हणाले.

साहेबांनी लाल पेन उचललं, कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि फाइल बाजूला सारली.

बाहेर आल्यावर एजंटनं कपाळावर हात मारला. "अवो ताई, खरं सांगायची काय नड आली हुती? मी म्हननार हुतो, म्हातारी आजारी हाय, घरनं अंगठा आनतो. आता मेल्या मानसाच्या नावावरचा माल कसा सोडवायचा?"

"खोटे अंगठे मारायला मी नाही आले," मी म्हणाले.

"मग बसा आता खरं बोलत," तो म्हणाला आणि चहाला गेला.

मला वाटलं, त्यात काय एवढं? मृत्यूचा दाखला दाखवू, वारसांच्या सह्या देऊ, सुटेल. ड्युटी भरायला आम्ही तयार होतो, पण ती आमच्याकडून घ्यायची कुणाच्या नावानं, हाच त्यांचा प्रश्न. दाखला काढायला आठ दिवस गेले. तो घेऊन मी साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी दाखला बघितला, जहाजाचा कागद बघितला, परत दाखला बघितला.

"मॅडम, ही बाई वेगळी आहे."

वेगळीच होती. दाखल्यावर होतं आईचं लग्नातलं नाव, पाटावर बसवून तांदळात लिहिलेलं. त्या नावानं तिला घरात कुणी एकदाही हाक मारली नसेल. होडीवर होतं ते बाबांनी तिला लाडानं ठेवलेलं नाव. सगळा कोळीवाडा तिला त्याच नावानं ओळखायचा. मीही शाळेत आईच्या नावाच्या रकान्यात तेच लिहीत आले होते.

"दाखल्यावरची बाई वारली, ते मान्य," साहेब शांतपणे म्हणाले. "पण माल जिच्या नावावर आहे ती वारली असं या कागदावरून दिसत नाही. मग तिलाच घेऊन या ना."

मला हसू आलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची द्यायचा, चहा विचारायचा. एखादा खडूस असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी तरी झाले असते. याच्यावर राग काढायलाही जागा नव्हती.

दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र मी स्वतः टाइप केलं. साहेब म्हणाले, ते कोर्टातून पाहिजे. कोर्टाला सगळे वारस समोर पाहिजेत, आणि एक वारस समुद्रात टगवर. मग एजंटनं दुसरा रस्ता सांगितला. माल पाठवणाऱ्यानं, म्हणजे भावानंच, तिकडच्या जहाज कंपनीला लिहून द्यायचं की नाव बदला. भाऊ दोन-अडीच महिन्यांनी किनाऱ्याला यायचा. मी एसटीडी बूथवरून त्यांच्या कॅम्पातल्या कारकुनाकडे निरोप ठेवायचे. तो हिंदीत म्हणायचा, आया तो बोल देंगे. मी फोन ठेवायचे आणि परत कस्टमच्या बाकावर जाऊन बसायचे. त्या बाकावर माझे दोन महिने गेले. वकील साहेब एक दिवस म्हणाले, "तू आता तिथेच नोकरीला लाग." ते गमतीत म्हणाले, पण मी मुतारीत जाऊन रडले.

घरी बाबा रोज इंजिनाचंच विचारायचे, "बाय, सोरला का?"

"नाही बाबा. नावाचं अडलंय."

"तिचा नाव कोनाला आरवा येत?" ते म्हणायचे. तिचं नाव कुणाच्या आड येईल, हे त्यांना खरंच समजत नव्हतं. होडीवर भलंमोठं नाव रंगवलेलं, सगळ्या गावानं वाचलेलं, आणि सरकारला ते पटत नाही? एजंटच्या म्हणण्याप्रमाणे मी त्या दिवशी गप्प बसले असते तर इंजिन कधीच होडीत असतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

नारळी पौर्णिमा आली. सगळ्यांच्या होड्या सजल्या. आमची तशीच पडून. आदल्या दिवशी बाबांनी खलाशांना स्वतःच सांगितलं, "माझ्यासाठी उपाशी मरू नका. जावा." चौघंही गेले. जाताना पाया पडले. आणि पुढच्या सोमवारी बाबा मामाबरोबर तळोज्याला गेले.

त्यानंतर आठच दिवसांनी भावाचा फॅक्स आला. नाव बदलून दिलं होतं. साहेबांनी बघितलं, मान हलवली, ड्युटी घेतली, शिक्का मारला. तीन महिने जे होत नव्हतं ते दुपारच्या जेवणाआधी झालं. मिळाला एकदाचा मेला कागद, म्हणत मी तो घेऊन घरीसुद्धा गेले नाही. सरळ तळोज्याची एसटी पकडली.

कंपनीच्या गेटवर बाबा खाकी कपड्यात उभे होते. शर्ट खांद्यात मोठा होत होता. पायात बूट. माझ्या बापाच्या पायात मी बूट पहिल्यांदा बघितले.

"बाबा, सुटलं!" मी ओरडले.

त्यांनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. "तिचा नाव कुठं हाय?"

"काढावं लागलं बाबा. दादानं माझं घातलंय."

त्यांनी कागदावरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरा केला. तू जित्ती हाईस."

"चला ना घरी. खलाशी दुसरे बघू."

"आता कोन मिलनार? समदी मानसा लागली कामाला. आन् मामानं इथं सबूद दिलाय." कागद नीट घडी करून त्यांनी माझ्या पर्समध्ये ठेवला. "पुरल्या वर्साला बघू."

मी म्हणाले, "बाबा, माझ्यामुळे झालं हे. मी तिथे आई वारली म्हणून सांगितलं नसतं तर..."

एवढ्यात ट्रकनं हॉर्न दिला. बाबा धावत गेले, फाटक उघडलं, ट्रक आत घेतला आणि परत आले. छाती वरखाली होत होती. टेबलावरचं जाडजूड रजिस्टर त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

"लिवनारा आज रजेव हाय," ते म्हणाले. खाली बघत म्हणाले. "सकालधरना समदा तसाच ऱ्हायलाय. सायेब वरडंल. जरा लिव ना बाय."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. सकाळपासूनचे ट्रकचे नंबर त्यांनी खडूनं भिंतीवर जसे दिसले तसे काढून ठेवले होते. मी एकेक वाचून लिहीत गेले आणि ते फाटकाला हात लावून माझ्या मागे उभे राहिले.