खिंडीतून आलेला रस्ता

ओल्या पानांचा तुरट वास आणि ढगांतून गाळून आलेलं फिकट ऊन अंगावर घेत मी इथे परदेशात, न्यूनेन गावातल्या कालव्याकाठच्या सपाट वाटेवरून सायकलने घरी निघाले होते, तेव्हा सह्याद्रीतल्या आमच्या वाडीहून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, सुनीताला कळा सुरू झाल्यात. गाडी बोलावलीय."

सुनीता म्हणजे त्याची बायको. मी सायकल उभी केली. आमच्या वाडीत कळा म्हणजे डोली: बांबूला बांधलेली चादर, आळीपाळीने खांदा देणारी माणसं आणि निसरड्या कातळावरून खाली जाणारी अरुंद पायवाट. दवाखाना गाठण्याआधीच, खिंडीतल्या एका झाडाखाली माझा जन्म झाला. माझ्या पाठची बहीण त्याच वाटेवर जन्मली आणि तिथेच गेली. आई तिच्याविषयी बोलत नाही. खिंड ओलांडताना नुसती क्षणभर थांबते.

गेल्या उन्हाळ्यात त्या खिंडीतून डांबरी रस्ता आला. भावाने पाठवलेल्या फोटोंत करवंदीच्या जाळ्या नाहीशा झालेल्या आणि डोंगराची लाल कूस उघडी पडलेली पाहून माझं मन विषण्ण झालं होतं. आता घरी पोहोचल्यावर मात्र मी त्याच रस्त्याचं एकेक वळण डोळ्यांपुढे आणत, जणू माझ्या श्वासावरच ती गाडी चालली आहे अशी, घरात येरझारा घालत होते. "गाडी दारात आली," भाऊ म्हणाला. मग, "घाट उतरलो." मग बराच वेळ काहीच नाही.

खिडकीबाहेर दिवस मावळू लागला, तेव्हा पुन्हा फोन वाजला. या वेळी आई होती.

"मुलगी झाली गं. लगेच रडली."

तिच्या मागे दवाखान्यातली लगबग ऐकू येत होती. मग तिने विचारलं, "इथून तुझ्याकडे यायचं तर काय काय करावं लागतं?"

इतक्या वर्षांत, मी कितीही बोलावलं तरी, हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. मी भराभर सांगत सुटले: पासपोर्ट, व्हिसा, मुंबई, विमान.

"थांब," ती म्हणाली, "सावकाश सांग. मला नीट समजून घ्यायचंय."