सोन्या आणि सतरा नंबर

कुवेतमधल्या मराठी माणसाला ‘काय करता?’ असं विचारलं की तो बँक सांगतो, आयटी सांगतो, नाहीतर हॉस्पिटल. प्रभाकर घुगे ‘हरणं सांभाळतो’ म्हणायचा आणि समोरचा हसून म्हणायचा, ‘नाही, खरं सांगा.’ मंडळाच्या गणपतीत ही गंमत दरवर्षी व्हायची. पण तो तरी दुसरं काय सांगणार? जिंतूरकडचा हा माणूस गुरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा करून एकोणीस वर्षांपूर्वी इथे आला आणि खैरानच्या बाजूला यूसुफ नावाच्या वयस्कर गृहस्थाच्या फार्मवर चाळीसेक हरणांचं औषधपाणी बघू लागला. आठवड्यातले चार-पाच दिवस तो तिथेच राहायचा. उरलेले दिवस हवल्लीतल्या फ्लॅटमध्ये, बायकोजवळ. सुरेखा नर्स होती.

ही हरणं रीम जातीची. आपल्याकडच्या चिंकाऱ्याची वाळवंटातली भावंडं म्हणा. उन्हाळाभर सगळे नर एकाच पत्र्याच्या सावलीत पडून असायचे, कोण कोणाचा वैरी नाही. पन्नास डिग्रीत भांडायची ताकद असते कुणाला? पण ऑगस्ट सरत आला की चित्र पालटायचं. पहाटे एकेक नर सावलीतून उठून वेगळा उभा राहायचा. बोरीच्या बुंध्यावर शिंगं घासायचा. लेंड्या रोज एकाच ठिकाणी टाकून आपली हद्द आखायचा, मान ताणून, नाक वर करून तिच्याभोवती हिंडायचा. माद्या पिल्लं घेऊन पलीकडच्या कुंपणाशी सरकायच्या. आणि ज्यांना मुळात माणसाचा भरवसा नाही, ते चाऱ्याला उजाडायच्या आत येऊन जायचे.

त्याच दिवसांत पहाटे दक्षिणेला एक तारा दिसू लागायचा. यूसुफ त्याला सुहेल म्हणायचा. सुहेल दिसला की उन्हाळा उतरला आणि शिकारीचे दिवस आले, हा इकडचा जुना हिशेब. प्रभाकरच्या वडिलांच्या लेखी तो अगस्ती. तो उगवला की नदीचं पाणी निवळतं, असं ते सांगायचे. तारा तोच. जिंतूरला तो पाणी निवळवायचा आणि इथे मात्र दोन हरणांची वेळ भरायची. कारण दर ऑक्टोबरात यूसुफच्या फार्मवरून दोन नर ट्रकमध्ये चढायचे. देशाबाहेर त्याच्या एका दोस्ताचं कुंपण घातलेलं मोठं रान होतं, तिथे शिकारी कुत्री त्यांच्यामागे सुटायची. कुठले दोन जायचे ते प्रभाकरने सांगायचं. त्याचा नियम सरळ होता: जो माजतो, अंगावर येतो, तो आधी जाणार. बाकीच्यांचा जीव वाचतो, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

यंदा पहिला नर ठरलेला होता. दुसऱ्याची जागा रिकामी होती. आणि मंगळवारी सकाळी सोन्याने प्रभाकरच्या मांडीत शिंग घातलं.

सोन्या म्हणजे घरचाच. तीन वर्षांपूर्वी आईने टाकलेलं ते पाडस यूसुफच्या परवानगीने प्रभाकरने हवल्लीला नेलं होतं. अकरा दिवस ते त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याखाली झोपलं. सुरेखाने त्याला बाटलीने दूध पाजलं आणि गोऱ्ह्याला ठेवावं तसं नाव ठेवलं. शेतकऱ्याच्या पोरीला दुसरं सुचणार काय? बाटलीवर वाढलेलं वासरू जन्मभर खांद्याला नाक लावतं. तसंच हेही, असं दोघं धरून चालले. सोन्या मोठा झाला, हाक मारली की यायचा. यूसुफची सात वर्षांची नात रिदा दर शुक्रवारी त्याला तळहातावर खजूर भरवायची.

पण वासराला माणसाळवलं की त्याची भीती जाते आणि माया उरते. हरणाची नुसती भीती जाते. बाकीचे नर माणसाला बघून पळाले असते. सोन्याला प्रभाकर माणूस वाटतच नव्हता. त्याच्या हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटला.

संध्याकाळी घरी पोचल्यावर त्याने सांगितलं, ‘कुंपणाची तार लागली.’

सुरेखाने जखम धुतली, नीट बघितली. ‘आवो, वीस वर्षं झाली मला जखमा बघताना. ही तार नाही. सोन्याचं शिंग आहे.’

त्याने पाय मागे ओढला.

‘मालकाला सांगितलं?’

‘नाही. सांगितलं की तो ट्रकात गेलाच म्हणून समज. आपल्या हातानं वाढवलाय गं त्याला.’

‘मी नाही वाढवला?’ तिचा आवाज चढला. ‘पण तुमच्या मांडीला लागलं तिथं त्या पोरीचं पोट येतं. शुक्रवारी ती येणार. आता बसा इचार करत.’

विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतंच, हे त्यालाही कळत होतं. तरी बुधवार त्याने फुकट घालवला. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या नरांची नावं द्यायला एकोणीस वर्षांत त्याला कधी दोन मिनिटं लागली नव्हती.

गुरुवारी सकाळी यूसुफ दिवाणीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, चहा पीत बसला होता. प्रभाकरने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पँट वर करून पट्टीही दाखवली.

‘रिदा अंदर नहीं जाएगी,’ यूसुफ म्हणाला. ‘सोन्या का अलग जाली बनाओ. वो बाहर से देखेगी.’

‘और लिस्ट, बाबा? सोन्या को लिखूं?’ प्रभाकरने विचारलं.

यूसुफला हसू आलं. ‘सोन्या? कुत्ता छोड़ेगा तो सोन्या उसके सामने खड़ा रहेगा. जो भागता नहीं, उसका क्या शिकार? जो सबसे तेज भागता है, वो दो.’

सोन्या वाचला होता. दिवाणीतून बाहेर पडल्यावर प्रभाकरला एवढा आनंद झाला की गेटापर्यंत त्याला दुसरं काही सुचलंच नाही. मग त्याची नजर पलीकडच्या कुंपणाकडे गेली.

तिथे सतरा नंबर उभा होता. त्याला नाव नव्हतं, कानातल्या बिल्ल्याचा आकडा तेवढा होता. चार वर्षांत त्याने कुणाला पन्नास पावलांच्या आत येऊ दिलं नव्हतं. तो कुणाच्या अंगावर गेला नव्हता. कळपात एवढं एकच जनावर हरणासारखं वागतं, असं प्रभाकर स्वतःच कौतुकाने सांगायचा. सगळ्यांत तेज कोण, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. लिस्टमध्ये दुसरं नाव घालून चाललं नसतं.

त्याला धरायला सहा दिवस लागले. चाऱ्याच्या जागेभोवती रोज थोडं थोडं कापड लावत नेलं आणि सातव्या पहाटे मागून वाट बंद केली. दोघा गड्यांनी पाय धरले. हरणाचे डोळे झाकले की ते शांत होतं. प्रभाकरने खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या डोळ्यांवर बांधला आणि उचलायला म्हणून छातीखाली हात घातला. आत काळीज नुसतं धडधडत होतं. शेजारी सोन्या आपल्या जाळीवर शिंगं आपटत होता, रोख प्रभाकरवरच.

ट्रक गेल्यावर त्याने सुरेखाला फोन लावला.

‘गेला का सतरा नंबर?’ तिने विचारलं. ‘तुम्ही त्याला कधी हात तरी लावला होता का?’

‘आज लावला,’ प्रभाकर म्हणाला. ‘पहिल्यांदाच.’