आठशेच्या पोटाखाली गुळाची काहील

वाळू भरून, तापवून वाकवलेल्या पाइपांचा पिंजरा, गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून मागची सीट काढून तिच्या जागी बसवलेला. दारांना आतून ॲल्युमिनियमचा पत्रा. पाण्यातून जाताना बुडू नये म्हणून वर उचललेला सायलेन्सर. चार जादा दिव्यांची पट्टी आणि तिचं वायरिंग. आणि इंजिनाच्या पोटाखाली, दगडांचा मार झेलायला, गुळासाठी रस आटवायच्या काहिलीतून कापलेलं जाड बूड. हे सगळं मी माझ्या हातानं केलं, कोल्हापुरात, मोटारपंप दुरुस्तीच्या माझ्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वेल्डिंगचा एक टाकासुद्धा दुसऱ्याकडून मारून घेतला नाही. शिकवणारा कुणी नव्हता. चुकलं की कापायचं आणि पुन्हा जोडायचं.

काहील सासऱ्यांची. गडहिंग्लजकडं त्यांचं गुऱ्हाळ. काठ फाटून ती बाद झाली तेव्हा मी मागितली. देताना म्हणाले, "न्ह्या जावईबापू, पर बुडाला भोक न्हाय पाडायचं. इतकी वर्सं ह्या बुडानं रसाचा थेंब गाळला न्हाय." गुळवाल्याला भोक पडलेली काहील म्हणजे काय वाटतं, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. मी शब्द दिला. कडेला पट्ट्या जोडून बोल्ट त्या पट्ट्यांना लावले, बूड अखंड ठेवलं.

गाडी जुनी आठशे, नव्वदच्या दशकातली, घरातली एकुलती एक. २००३ च्या हिवाळ्यात दोन दिवसांची रॅली जाहीर झाली तेव्हा माझी बायको सुनंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बसते शेजारी, आकडे मोजते. पर गाडी शेवटाला न्हाय पोचली तर मागची शीट परत बसवायची आणि ह्यो नाद कायमचा सोडायचा. कबूल?"

"कबूल."

न जाणणाऱ्यांसाठी सांगतो: ह्या रॅलीत सुसाट सुटायचं नसतं. ठरवून दिलेल्या वेगानं प्रत्येक चौकीवर अगदी ठरल्या क्षणाला पोचायचं. उशिराला दंड, लवकर पोचलात तरी दंड. त्यामुळं निम्मी रॅली शेजारचा माणूस चालवतो.

सकाळी पन्हाळ्याच्या पायथ्याशी तपासणी झाली. पुण्याहून आलेला एक चालक खाली वाकून बघत म्हणाला, "पावणं, ही कढई का बांधलीय?"

"रस्सा करायला," मी म्हटलं. "तुम्ही ताट घेऊन शेवटाला थांबा."

तपासनिसानं हातोडीनं बूड ठोकून बघितलं, मान डोलावली आणि बजावलं, शेवटच्या चौकीवर हे गाडीखाली दिसलं पाहिजे, नाहीतर बाद.

पहिला दिवस लोण्यासारखा गेला. गगनबावड्यापर्यंत दोन्हीकडं ऊस, डांबर बरं. करूळ घाटात खड्डे, पण वळणं अशी की हात सुखावतात. खाली वैभववाडीनंतर लाल मातीचे कच्चे रस्ते. सुनंदा अंतर मोजायची. घाई झाली की तिची माहेरची कानडी बाहेर यायची. "वंदु, एरडु, मूरु, आता डावीकडं! डावीकडं म्हटलं की हो!" मुक्काम सावंतवाडीत. तलावाजवळ तेव्हा अडीचशेत स्वच्छ खोली मिळाली; बांगड्याचं ताट तीस रुपये, सोलकढी वरून मोफत. जाणार असाल तर तलावाच्या बाजूचीच खोली मागा.

दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट चढताना काटा लाल रेषेकडं सरकायला लागला. बोनेट उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ. पाणी पुरेसं, पंखा चालू, पट्टा घट्ट. मग खाली वाकलो आणि कळलं. बूड बंद. इंजिनाची उष्णता खाली जायला वाटच नव्हती. मी इंजिनाखाली खरोखरच काहील लावली होती, आणि ती तिचं काम चोख करत होती.

थांबत, निववत आजऱ्यापर्यंत आणली. तिथं जेवणाची सुट्टी; त्या टप्प्यात मध्ये चौकी नव्हती म्हणून दंड टळला. बाकीचे ताटावर बसले, आम्ही नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं. लाइट गेलेली, ड्रिल बंद. पण गॅसकटर होता. बूड सोडून जमिनीवर ठेवलं आणि माझा हात थांबला.

"का वो, थांबलासा?" फॅब्रिकेशनवाला म्हणाला.

"सासऱ्यांना शब्द दिलाय."

सुनंदानं पदर खोचला. "माझ्या बापाची काहील हाय न्हवं? मग मी सांगते, पाडा भोकं. बाबास्नी मी बघून घेते."

"अगं, पण गाडी बाद झाली तर तुझंच बरं, सीट परत मिळंल."

"मी काय बाद व्हायला दोन दिवस आकडे मोजत बसलिया व्हय? पाडा!"

पाडली. दोन ओळींत, ओली माती अडकणार नाही अशी मागं झुकलेली. कडा कानशीनं घासल्या, बूड परत चढवलं आणि हात न धुताच सुटलो.

काटा खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. गडहिंग्लजच्या अलीकडं ओढ्यातून शेवटचा तुकडा होता, सगळा गोटे आणि पाणी. मधोमध खालून असा दणका बसला की सुनंदा आकडा विसरली, पण दुसऱ्याच दमात पुढून मोजायला लागली. शेवटच्या चौकीवर आम्ही ठरल्या क्षणाला उभे. छोट्या गाड्यांच्या गटात दुसरे! बुडाला मुठीएवढा पोचा, इंजिनावर ओरखडा नाही.

सासरे बघायला आले होते. गुडघ्यावर बसून त्यांनी भोकांतून बोट फिरवलं. सुनंदा काही बोलायच्या आत म्हणाले, "बरोबर न्हायती. तिरकी हायती."

"मुद्दाम, मामा. चिखल साचू नये म्हणून."

"मग ठीक," म्हणाले आणि गाडीला गुलाल लावला.

घरी आल्यावर मागची सीट मी शेडमधल्या माळ्यावर टाकली. सुनंदा आता बाजारालासुद्धा वेळ लावून निघते, आणि मला वाकडं वळण दिसलं की हात शिवशिवतात. आठवड्यानं पुण्याचा तोच चालक दुकानात आला. अर्धा तास गाडीखाली झोपून बाहेर आला आणि म्हणाला, आहे तशी द्या. मी पन्नास हजाराला घेतलेल्या त्या गाडीचे तो एक लाख ऐंशी हजार रोख देत होता. मी नाही म्हणालो.